एअरस्पीडचा काटा हललाच नाही, कारण कुंभारीण माशी!

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. आमच्या सेस्ना १७२ या लहान विमानाचा टेकऑफ रोल, म्हणजे उडायसाठीची धाव, सुरू केला, आरपीएम बरोबर, ऑईल प्रेशर बरोबर, पण एअरस्पीडचा, म्हणजे हवेतला वेग दाखवणारा, काटा शून्यावरच, म्हणून लगेच थ्रॉटल मागे घेतला न विमान धावपट्टीवरच थांबवलं, वर गेल्यावर बघू असं यात चालत नाही राजेहो. डाव्या पंखाखालची पिटो ट्यूब, म्हणजे वेगाच्या मीटरला समोरची हवा पोचवणारी नळी, पाहिली तं आत ओली माती! चहूकडे पऱ्हाटी, चिखल भरपूर, मातीचं घर करणाऱ्या कुंभारीण माशीला असं भोक म्हणजे आयतं घरच. एकजण म्हणे फुंकर मारा. अजिबात मारू नका, माती आत सरकते न मीटरच्या नाजूक कॅप्सूलची वाट लागते, तार पण खुपसू नका. एएमईला, म्हणजे विमान देखभालीच्या इंजिनिअरला, बोलावलं, त्यानं आधी मीटरकडची नळी सोडवली न मग मागून तोंडाकडे हवा मारली, तेव्हा मातीचा गोळा न त्यात कोंबलेल्या हिरव्या अळ्या बाहेर आल्या. मग ड्रेनचं, म्हणजे पाणी निघून जायचं, बारीक भोक साफ केलं, लीक टेस्ट घेतली, लॉगबुकात त्याची सही. आता इंजिन बंद केलं, ट्यूब थंड झाली की लाल पट्टीवालं कव्हर लावतो, चहा नंतर. न उडायच्या आधी ते काढलं का, हेही बघा बाप्पा.