फिशफाइंडरच्या (ध्वनिलहरींनी मासळी शोधणाऱ्या सोनारच्या) पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडतोय?

गेन (सोनारची संवेदनशीलता) कमी करण्याआधी हा गोंगाट, म्हणजे नको असलेले सिग्नल, कुठून येतोय ते शोधा. गेन उतरवला की ठिपके जातात, पण बारीक मासळीही जाते.

नौका नांगरून इंजिन बंद करा आणि सोनार फक्त बॅटरीवर चालवा. पडदा स्वच्छ दिसला तर दोष बोटीतच आहे. मग व्हीएचएफ रेडिओ, पंप, एलईडी दिवे, चार्जर एकेक करून सुरू करा, शेवटी इंजिन. ज्याच्यासोबत ठिपके येतील तोच चोर. बहुतेकदा सोनारची वायर अल्टरनेटरच्या (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) वायरीसोबत एकाच जुडग्यात बांधलेली सापडते! ती वेगळी न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात. वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्या.

सगळं बंद असूनही तिरक्या तुटक रेघा दिसल्या, तर शेजारच्या नौकेचा सोनार तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर आहे. २०० किलोहर्ट्झवरून ५० वर जाऊन बघा. मात्र ५० वर बारकावे कमी दिसतात.

आणि वेग वाढवल्यावरच चित्र फाटत असेल तर वायरींना हात लावू नका. बहुधा ट्रान्सड्यूसरखाली (पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाखाली) बुडबुडे येतात. तो पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फेसापासून लांब, थोडा खोल बसवा, त्यावरचं शेवाळही पुसा.