ब्रिटनमध्ये नवीन आलात? आधी ‘हॅव’ सांभाळा

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत 7 बँड मिळवून आलेली मंडळीही इथे अडखळतात ती ‘हॅव’पाशी आणि ‘माइट, शुड, मस्ट’ या पलटणीपाशी. उच्चारांची काळजी सोडा, ग्लासगोचा माणूस बोलायला लागला की लंडनवालेही कान टवकारतात.

‘दोन वर्षांपासून लीड्समध्ये राहतोय’ हे आपण ‘आय ॲम लिव्हिंग इन लीड्स सिन्स टू इयर्स’ असं करून टाकतो. इथे म्हणतात, ‘आयव्ह लिव्ह्ड इन लीड्स फॉर टू इयर्स’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स मार्च’, ‘सिन्स 2022’. ही चूक झाली तरी समोरचा सांभाळून घेतो.

सांभाळून घेत नाहीत ती चूक म्हणजे ‘हॅव’ गाळणं. ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणालात की ती नोकरी सुटली, असाच अर्थ लागतो. मग मुलाखतीत ‘का सोडलीत?’ हा प्रश्न येतो आणि आपण गोंधळतो. डॉक्टरसमोर तर हे धोक्याचंच. ‘आय टुक इट फॉर सिक्स मंथ्स’ म्हणजे गोळी बंद केली. त्या समजुतीवर तो पुढचं औषध लिहील. चालू नोकरी, चालू घर, चालू गोळी: ‘आयव्ह वर्क्ड’, ‘आयव्ह लिव्ह्ड’, ‘आयव्ह बीन टेकिंग’. इंग्रज हा ‘हॅव’ गिळतात, नुसता ‘व्ह’ ऐकू येतो. म्हणून ऐकून शिकू म्हणणारे वर्षानुवर्षं तो गाळत राहतात.

उलट, वेळ सांगितलीत की ‘हॅव’ काढा. ‘आय हॅव सेंट इट येस्टरडे’ हे आपल्या ऑफिसांचं लाडकं वाक्य. ते ‘आय सेंट इट येस्टरडे’ असं हवं. ‘अगो’, ‘लास्ट वीक’, ‘इन 2019’ यांनाही हाच नियम.

‘हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?’ याला ‘टू इयर्स’ उत्तर दिलंत तर अजून दोन वर्षं राहणार असं ठरतं. किती काळ झाला हे विचारायचं असेल तर ते ‘हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?’ म्हणतील.

आता दुसरी पलटण. भारतीय लायसन्सवर इथे 12 महिने गाडी चालवता येते, पुढे इथलं काढावं लागतं. तेव्हा हायवे कोड, म्हणजे इथलं रस्त्यांचं नियमपुस्तक, वाचालच. त्यात ‘मस्ट’ आणि ‘मस्ट नॉट’ म्हणजे कायदा, मोडलात तर गुन्हा. ‘शुड’ म्हणजे सल्ला. पण अपघात झाला तर तो न पाळल्याचं कोर्टात तुमच्याविरुद्ध मांडता येतं.

साहेबाच्या तोंडी मात्र ‘मस्ट’ क्वचितच. ‘यू माइट वॉन्ट टू लुक ॲट धिस अगेन’ हा सल्ला वाटतो, असतो हुकूम. त्याच दिवशी करून द्या. आणि तुम्ही स्वतः सहकाऱ्याला ‘यू मस्ट सेंड इट’ लिहू नका, ‘कुड यू सेंड इट?’ लिहा. हा साखरेचा थर अति आहे खरा, पण त्याशिवाय इथे काम हलत नाही.

‘यू डोन्ट हॅव टू पे’ म्हणजे भरायची गरज नाही. ‘यू मस्टन्ट पे’ म्हणजे भरूच नका. काल गाडी मिळाली हे ‘आय कुड कॅच’ नव्हे, ‘आय मॅनेज्ड टू कॅच’. नाही मिळाली तर ‘कुडन्ट’ चालतं.

‘वुड यू माइंड मूव्हिंग युअर बॅग?’ याला ‘येस’ म्हणजे नकार. ‘नॉट ॲट ऑल’ म्हणा आणि बॅग उचला.