स्पोर्ट्‌स कारची तुलना करताय? निदान या चुका तरी टाळा

सेकंड-हँड स्पोर्ट्‌स कार घ्यायची ठरली की पुण्या-मुंबईकडे बहुतेकांची यादी तीन नावांवर येते: पोर्शे ७१८ केमन, बीएमडब्ल्यू एम२ आणि फोर्ड मस्टँग जीटी. तिन्ही गाड्या मनापासून चांगल्या आहेत. पण केमनचं इंजिन तुमच्या पाठीमागे असतं आणि गाडीत दोनच सीट. एम२ ला पुढे सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि मागे दोन मुलं बसतील एवढी जागा. मस्टँग म्हणजे लांबलचक बॉनेट आणि त्याखाली पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८. इतक्या वेगळ्या स्वभावाच्या गाड्या समोरासमोर ठेवायच्या तर वेळ द्यावा लागतो. तो कुणी देत नाही. दोन व्हिडिओ, एक टेस्ट ड्राइव्ह आणि मित्राचं मत एवढ्यावर आयुष्यातली सगळ्यात महागडी हौस उरकली जाते, आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघायला मिळतात.

शून्य ते शंभरचे आकडे

सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात, म्हणून आधी हेच. साधी २.० लिटरची ७१८ केमन घ्या, ३०० पीएस ताकदीची. कंपनीच्याच माहितीपत्रकात मॅन्युअल गिअरबॉक्सला शून्य ते शंभर ५.१ सेकंद आहे, पीडीके या पोर्शेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ४.९, आणि पीडीकेसोबत स्पोर्ट क्रोनो हे जादा पैशांचं पॅकेज असेल तर ४.७. इंजिन एकच, आकडे तीन. केमनवाला ४.७ सांगतो, एम२ वाला ५.१ धरतो, आणि दोघांनाही आपण खरं बोलतोय असं वाटतं.

त्यात अमेरिकन मासिकांचे आकडे मिसळले की गोंधळ पूर्ण होतो. ते शून्य ते ६० मैल मोजतात, म्हणजे ताशी ९६.५ किलोमीटर, शंभर नव्हे. शिवाय गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करायची तिकडे पद्धत आहे. त्या एका फुटात पाव सेकंदाच्या आसपास वाचतो. पाव सेकंद म्हणजे ज्या फरकावरून तुम्ही रात्री दीडपर्यंत मित्राशी वाद घातलात, जवळपास तेवढाच.

ताकदीचंही तसंच. पीएस आणि बीएचपी ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत. २०२३ मध्ये भारतात आलेली एम२ ४६० पीएसची, तीच ४५३ बीएचपीची. ‘भारतात ट्यून कमी करून देतात’ असं कुणी सांगितलं तर आधी माप बघा, मग रागवा. वजनातही खाच आहे: जर्मन डीआयएन पद्धतीने केमन १,३३५ किलो भरते, युरोपियन पद्धतीने त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर धरतात. एका गाडीचं वजन एका पद्धतीने आणि दुसरीचं दुसऱ्या पद्धतीने घेऊन ताकद-वजनाचं गुणोत्तर काढणारे तक्ते मी बघितले आहेत, रंगीत सुद्धा. नुर्बुर्गरिंग या जर्मन रेस ट्रॅकवरच्या वेळा लावणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं की जुनी वेळ २०.६ किलोमीटरची असते आणि २०१९ पासून अधिकृत वेळ पूर्ण २०.८३२ किलोमीटरची धरतात.

माझी सवय अशी: कंपनीचा आकडा कंपनीच्याच आकड्यासमोर ठेवतो, मासिकाचा असेल तर एकाच मासिकाने एकाच दिवशी दोन्ही गाड्या पळवलेल्या असाव्यात. एवढं करून तो कागद बाजूला ठेवतो. एक्स्प्रेसवेवर घाटात ताशी ६० ची मर्यादा आहे. ०.२ सेकंदाचा फरक तिथे कुणाला कळणार नाही, आणि कळावा म्हणून कुणी तिथे प्रयोगही करू नये.

त्यापेक्षा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा खेचायचा जोर, कुठल्या आरपीएमला येतो ते बघा. साध्या केमनला ३८० न्यूटन-मीटर १,९५० आरपीएमलाच मिळतात. एम२ कॉम्पिटिशनला, म्हणजे जुन्या पिढीच्या एम२ ला, ५५० मिळतात, २,३५० पासून. मस्टँगचा ५१५ चा कमाल आकडा ४,२५० ला येतो. ताम्हिणीत एसटीच्या मागे अडकून तिसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना हा फरक पायाखाली स्पष्ट जाणवतो.

टायर न बघता टेस्ट ड्राइव्ह

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती टाळायला पाच मिनिटं लागतात.

ओळखीतले एक डेंटिस्ट आहेत. त्यांनी दोन गाड्या निवडल्या होत्या: मुंबईतल्या एका मालकाची केमन आणि पुण्यातली एम२ कॉम्पिटिशन. दोन्ही चालवून झाल्यावर त्यांचा फोन आला. “केमन बाद. रस्ता धरत नाही, आवाज फार करते, आणि वळणावर मागून सुटेल की काय अशी धाकधूक वाटते. एवढं नाव ऐकलं होतं पोर्शेचं!”

केमनची मागची बाजू सुटेल असं वाटणं हेच मला पटेना. इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांवर चांगलं वजन, मागचे टायर २६५ चे. सरळ चालवणाऱ्याला ती गाडी घाबरवत नाही. “टायर बघितलेत का?” मी विचारलं. “बघितले ना, ग्रिप भरपूर आहे.”

पुढच्या रविवारी मी सोबत गेलो. खाचा खरंच खोल होत्या. पण टायरच्या बाहेरच्या बाजूला तारखेचा कोड दिसेना. ही तारीख ज्याच्या शेवटी असते तो पूर्ण डीओटी कोड टायरच्या एकाच बाजूला छापलेला चालतो, आणि तो आतल्या बाजूला आला तर गाडीखाली डोकं घालावंच लागतं. मोबाइलचा टॉर्च लावून जमिनीवर आडवा झालो. मागच्या दोन्ही टायरवर शेवटचे चार आकडे ३५१७. म्हणजे २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा. पुढच्यांवर १९२२. रिमजवळ मागच्या रबराला केसाएवढ्या बारीक भेगा होत्या आणि खाचेच्या कडेवर नख दाबलं तर रुतत नव्हतं. गाडी फारशी चाललीच नव्हती, म्हणून ग्रिप शिल्लक; रबर मात्र वाळून कडक झालेलं. पुढचे टायर ताजे आणि मागचे सात वर्षांचे हा सगळ्यात वाईट जोड आहे. नाक वळणात झटकन शिरतं आणि शेपूट साथ देत नाही. डॉक्टरांना जाणवलं ते खरंच होतं, फक्त दोष गाडीचा नव्हता.

मग खिशातलं गेज काढलं. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जेवढी हवा लिहिली होती त्यापेक्षा आठ पीएसआय जास्त निघाली. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून जास्त हवा भरून ठेवतात, आणि विकताना कमी करायची राहून जाते. भरीस भर म्हणून सस्पेन्शन कडक मोडवर होतं. हवा उतरवली, मोड नॉर्मलवर घेतला, आणि त्याच रस्त्याने परत गेलो. आदळआपट निम्म्यावर आली. मालक भला माणूस. टायर बदलायला झालेच होते, ते त्याने पुढच्या आठवड्यात बदलले. तिसऱ्यांदा चालवून डॉक्टर उतरले आणि बराच वेळ गाडीकडे बघत राहिले.

शेवटी त्यांनी एम२ च घेतली, कारण धाकटी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि रविवारी तिला घरी ठेवून जायची त्यांची इच्छा नव्हती. हे कारण मला शंभर टक्के मान्य आहे. केमन ‘रस्ता धरत नाही’ म्हणून नाकारली असती तर नसतं मान्य केलं.

तेव्हा गाडीत बसण्याआधी चारही टायरचा कोड वाचा, चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे आहेत का बघा, हवा थंड टायरवर स्वतःच्या गेजने मोजा. पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन०, एन१ अशी खूण असते, बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी. दोन गाड्यांचे टायर तुलनेच्या लायकीचे नसतील तर त्या दिवशी मत बनवू नका. ‘एवढं कोण बघतं’ म्हणणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं असतं, की मग साधी सेडान घ्या.

किरकोळ, पण रोजच्या

एक गाडी कम्फर्टमध्ये आणि दुसरी स्पोर्ट प्लसमध्ये चालवून मत देऊ नका. दोन्ही आधी साध्या मोडमध्ये चालवा.

रिमॅप केलेली, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली एम२ आणि कंपनी फिटेड केमन ही तुलनाच नव्हे. नवशिक्यांना गाडी महिनाभर चालवायच्या आधी रिमॅप हवा असतो, ही घाई मला अजिबात आवडत नाही. आहे तेवढी ताकद आधी वापरायला शिका.

आवाज व्हिडिओवर ठरवू नका. मोबाइलचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो. आणि ऐकताय ती केमन कुठली हे तपासा: साध्या ७१८ ला चार सिलिंडरचं टर्बो आहे, जीटीएस ४.० ला सहा सिलिंडरचं बिनटर्बो. दोन्हींच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दिसणं फोटोवरून ठरवणं

मोबाइलने जवळून फोटो काढला की नाक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. मस्टँग फोटोत देखणी दिसतेच, पण तिची रुंदी आरसे सोडून १,९१६ मिलिमीटर आहे आणि लांबी ४,७८४. नवी एम२ १,८८७ मिलिमीटर रुंद, केमन १,८०१. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे हा अकरा-साडेअकरा सेंटिमीटरचा फरक म्हणजे दार उघडून बाहेर पडता येणं किंवा न येणं. टेप घेऊन खांबांतलं अंतर मोजा. बेसमेंटचा रॅम्प संपतो तिथे नाक घासेल का, हे विकणाऱ्याला विनंती करून गाडी प्रत्यक्ष आणूनच बघा. मी स्वतः केमनला मागून तिरकं बघण्यात कितीही वेळ घालवू शकतो, पण रोज घासणारी देखणी गाडी वर्षभरात नकोशी होते.

किंमत नुसत्या किमतीसमोर

७१८ ची मूळ किंमत आणि एम२ ची किंमत शेजारी ठेवणं चूक आहे. एम२ ला मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारं लॉकिंग डिफरेन्शियल कंपनीकडूनच येतं. पोर्शेत ते, स्पोर्ट क्रोनो, कडकपणा बदलता येणारं पीएएसएम सस्पेन्शन, स्पोर्ट एक्झॉस्ट असं बरंच काही ऑप्शन यादीतून पैसे मोजून घ्यावं लागतं. म्हणून एकाच वर्षाच्या दोन केमन पूर्ण वेगळ्या असू शकतात. जाहिरातीत ‘फुल्ली लोडेड’ लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका. चॅसिस नंबर देऊन अधिकृत डीलरकडून कारखान्यातली मूळ ऑप्शन यादी मागवा.

दुसरा मोह म्हणजे परराज्यातली स्वस्त गाडी. महाराष्ट्रात आयात केलेल्या कोऱ्या गाडीला २० टक्के कर आहे, म्हणून कमी कराच्या राज्यातली पाटी असलेली गाडी स्वस्त दिसते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी करावीच लागते. म्हणजे मूळ आरटीओची एनओसी आणि इथला कर. तो धरूनच किमतीची तुलना करा. ‘कुणी पकडत नाही’ हा सल्ला देणारा नाक्यावर तुमच्यासोबत उभा नसतो.

मस्टँगवाल्यांसाठी आणखी एक: मस्टँगची इथली विक्री थांबली, आणि फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादनही थांबवलं. व्ही-८ दणकट आहे, पण काच, दिवा, बंपर यांचे भाव आणि मिळायला लागणारा वेळ आधी विचारून ठेवा.

गरम इंजिनावर समाधान मानणं

विकणारा गाडी आधीच चालवून गरम करून ठेवतो. थंड इंजिन चालू होताना टिकटिक, धूर, डळमळीत आयडलिंग, काय असेल ते पहिल्या मिनिटात समजतं, म्हणून निघण्याआधी फोन करून सांगा की गाडी सकाळपासून चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. केमनचं इंजिन मागे आहे, तिथे एक्झॉस्टच्या नळीजवळ हात न्या, पण टेकवू नका. ऊब लागली तर कागदपत्रं बघून घ्या, चालवू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.