नेपाळला जाणारा ट्रान्झिट माल का अडकतो? या चुका टाळा

कोलकाता किंवा हल्दियाला उतरून नेपाळला निघालेला कंटेनर रखडला की सगळं खापर बिहारमधल्या सीमेवरच्या रक्सौलच्या रांगेवर फुटतं. रांग असतेच. पण बरीचशी दुखणी जहाज बंदराला लागण्याआधीच कागदांत शिरलेली असतात.

आधी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे शिपिंग लाइनने (जहाज कंपनीने) दिलेली मालाची पावती, बघा. त्यावर शेवटचं ठिकाण नुसतं ‘कोलकाता’ असेल, तर शिपिंग लाइनची जबाबदारी बंदरातच संपते आणि पुढचं सारं आयातदाराच्या गळ्यात पडतं. माल रक्सौलसमोरच्या, नेपाळातल्या वीरगंजला हवा असेल तर बुकिंगच्या वेळीच तसं लिहून घ्या. तेही नेमकं, कारण रेल्वेचे कंटेनर वीरगंजजवळ सिर्सियाच्या ड्राय पोर्टवर (जमिनीवरच्या कंटेनर डेपोत) उतरतात, ट्रकचा नाका वेगळा.

ट्रान्झिट मालावर, म्हणजे भारतातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालावर, भारत आयात शुल्क घेत नाही. म्हणूनच तो वाटेत इथेच खपवला जाईल, ही धास्ती कस्टम्सला कायम असते. इन्व्हॉइसवर मालाचं एक नाव, पॅकिंग लिस्टवर दुसरं, ट्रान्झिट डिक्लरेशनवर तिसरंच, असं दिसलं की तपासणी आलीच. एचएस कोडचे (मालाच्या वर्गवारीच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे) पहिले 6 अंक भारत आणि नेपाळ दोन्हीकडे सारखे, पुढचे ज्याचे त्याचे. भारतीय कोड नेपाळच्या कागदांवर तसाच उतरवू नका. वाटेत सील तुटलं तर चालकाने स्वतः दुसरं लावायचा उद्योग करू नये, लगेच एजंटला आणि कस्टम्सला कळवावं.

सगळ्यात जास्त पैसा मात्र रिकाम्या कंटेनरपायी जातो. बंदरातलं भाडं माल बाहेर पडला की थांबतं, पण शिपिंग लाइनचं डिटेन्शन (डबा मुदतीपलीकडे ठेवल्याचा आकार) रिकामा डबा परत मिळेपर्यंत चालूच राहतं. वीरगंजला माल उतरवून तो डबा बहुतेक वेळा कोलकात्यालाच पोचवायचा असतो. ही परतीची फेरी न धरता फ्री डेज (डबा बिनआकार ठेवायचे दिवस) ठरवले की शिपिंग लाइनकडच्या डिपॉझिटला कात्री लागते. घासाघीस करायची ती बुकिंगआधी. माल बंदरात पोचल्यावर तुमचं कोण ऐकणार?

कॅलेंडरही बघा. दुर्गापूजा आणि दशैं (नेपाळचा दसरा) एकाच सुमाराला येतात, पाठोपाठ तिहार (तिकडची दिवाळी) आणि छठ. त्या दिवसांत एका बाजूचं ऑफिस उघडं तर दुसऱ्या बाजूचं बंद.

आणि बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांच्या 2015 च्या बीबीआयएन मोटार वाहन कराराच्या भरवशावर थेट ट्रकचं नियोजन करू नका. भूतानने त्याला मंजुरी दिलेली नाही आणि प्रत्यक्ष वाहतुकीचं घोडं अडलेलंच आहे. कोलकात्याची गर्दी चुकवायची असेल, तर विशाखापट्टणमहून रेल्वेने माल नेण्याचा मार्ग खुला आहे, त्याचं कोटेशन मागवा.