गोधडीचा गोट शिवताना धरायचा कशाने?

गोधडीला गोट, म्हणजे कडा झाकणारी कापडी पट्टी, लावायचा तर शिलाई दोनदा. आधी दुमडलेली पट्टी सुलट बाजूला कडेशी जुळवून टीप मारायची, मग ती कडेवरून मागे वळवून हाताने तुरपायची किंवा पुन्हा मशीन चालवायची. पहिल्या वेळी पट्टी सपाट पडलेली असते, दुसऱ्या वेळी ती जाड कडेला वळसा घालून उसळत असते. म्हणून दोन्हीकडे एकच साधन चालत नाही.

आधी कापडाचा हिशेब. 60 बाय 90 इंची गोधडीचा घेर 300 इंच. कोपरे आणि शेवटचा जोड धरून 312 इंच पट्टी लागते. 44 इंच पन्ह्याच्या सुती कापडातून, काठ आणि तिरके सांधे वजा जाता, एका पट्टीचे साधारण 40 इंच हाती येतात. अडीच इंच रुंदीच्या 8 पट्ट्या कापायला 60 सेंटिमीटर कापड पुरतं. कडा सरळ असतील तर पट्टी सरळच कापावी. उरेब, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली पट्टी, फक्त गोल कोपऱ्यांसाठी. उरेब पट्टी धरताना ताणली जाते आणि मग कड लाटांसारखी वर-खाली होते.

पहिल्या टिपेला खरं तर फारसं काही लागत नाही. कडेपासून पाव इंचावर टीप मारत हाताने वीतभर पट्टी जुळवत गेलं की पुरतं. टाचणी लावायचीच तर कोपऱ्याच्या अलीकडे आणि शेवटच्या जोडापाशी, कडेला काटकोनात, डोकं बाहेरच्या बाजूला. सुई तिथे पोचण्याआधी टाचणी काढावी. टाचणीवरून मशीन चालवलं तर सुई मोडते, नाहीतर तिचं टोक बोथट होतं आणि पुढचे टाके सुटायला लागतात. तीन-चार साड्यांच्या थरांत साधी बारीक टाचणी वाकते. लांब, मण्याच्या डोक्याची घ्यावी, आणि मणी काचेचा असावा, कारण प्लॅस्टिकचा इस्त्रीखाली वितळतो. मुंबईच्या पावसाळ्यात टाचण्या रात्रभर कापडात टोचून ठेवू नयेत. गंजाचा ठिपका साबणाने जात नाही.

मागे वळवून हाताने तुरपताना टाचण्यांचा त्रास जास्त: मांडीवरच्या गोधडीतून त्या मनगटाला टोचतात, आणि जाड थर उचलून धरत असल्यामुळे गोट जागेवरून किंचित सरकतो. इथे क्लिप हव्यात. शिवणाच्या क्लिपची एक बाजू सपाट आणि एक फुगीर असते. सपाट बाजू खाली ठेवावी. दोन-अडीच इंचांवर एक क्लिप पुरे. पूर्ण घेराला लावायला गेलात तर सव्वाशे-दीडशे लागतील, पण त्याची गरज नाही. 25 क्लिपांत चार-पाच फूट कड धरली जाते; तेवढी तुरपून झाली की क्लिपा काढून पुढे लावायच्या. सगळीकडे लावून ठेवल्या तर दोरा अडकतो आणि गोधडी विनाकारण जड होते. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर छोट्या दुपट्याचा गोट क्लिपांवर आरामात तुरपता येतो. टाचण्या मात्र गर्दीत बाहेर काढू नयेत.

शिवणाच्या क्लिपा नसतील तर केसांच्या टिकटॅक क्लिपा सर्वांत जवळच्या. भुलेश्वरच्या गल्ल्यांत त्या डझनाने मिळतात. रंग उडालेल्या घेऊ नयेत, तिथूनच गंज धरतो. फार जाड गोधडीवर त्या पूर्ण मिटत नाहीत आणि उडून पडतात. तिथे कपड्यांचे चिमटे बरे. कागदाच्या काळ्या बाइंडर क्लिपा धरतात घट्ट, पण वळ पाडतात आणि दोरा त्यांच्या कानांत गुंततो. त्या शेवटचा पर्याय.

कोपऱ्याला तीन क्लिप लावाव्यात. सुलट बाजूला घडी ज्या दिशेने पडली असेल, मागे तिच्या उलट दिशेने घालावी, म्हणजे सगळी जाडी एकाच ठिकाणी साचत नाही. घडी तिरकी बसली की एक क्लिप नेमकी टोकावर, बाकीच्या दोन अर्ध्या-पाऊण इंचावर दोन्ही बाजूंना.

मागची बाजूही मशीनने शिवायची असेल तर क्लिप कमी पडते. मशीनखाली जाण्याआधी ती काढावीच लागते आणि नेमक्या त्या दोन इंचांत गोट सरकतो. मग पुढून टीप सुबक आणि मागे मधेच गोट सुटलेला, हा नेहमीचा घोटाळा होतो. त्यावर उपाय गोंद. धुतल्यावर निघतो असं बाटलीवर लिहिलेला शाळेचा पांढरा गोंद घ्यावा; सुतारकामाचा नको, तो वाळून कडक राहतो. पहिल्या टिपेच्या बाहेर, कडेच्या बाजूला, केसासारखी बारीक रेघ ओढावी. गोट वळवून तो मागे दिसणाऱ्या पहिल्या टिपेच्या 2 ते 3 मिलिमीटर पलीकडे आणावा आणि कोरडी इस्त्री काही सेकंद दाबून ठेवावी; घासू नये. पावसाळी हवेत गोंद आपोआप वाळायला फार वेळ लागतो, म्हणून इस्त्री टाळू नका. ओला गोंद सुईला चिकटून टाके सोडतो. हाताने तुरपायचं असेल तर गोंद नको, वाळलेल्या रेघेतून सुई ओढताना बोटं दुखतात. रेशमी किंवा सॅटिनच्या गोटावर आधी चिंधीवर लावून, वाळवून, धुवून बघा.

नायलॉनच्या किंवा जॉर्जेटच्या निसटत्या साड्या असतील तर मात्र कच्च्या टाक्यांना तोड नाही. वेगळ्या रंगाचा दोरा, गाठ न मारता, एक-एक इंचाचे टाके. वेळ जातो खरा, पण गोट जागचा हलत नाही. शिवून झाल्यावर दोरा एका टोकाने ओढला की निघतो.

कशानेही धरलेलं असो, गोधडीचं वजन टेबलावरून खाली लोंबत असेल तर गोट ओढला जाणारच. छोट्या खोलीत मोठं टेबल नसतं. मशीनच्या डावीकडे आणि मागे एकेक खुर्ची लावून वजन तिच्यावर घ्यावं.