एकट्याने घरोघरी जाऊन सर्व्हिस देताय? या चुका टाळा

डायरी फुल आहे, फोन थांबत नाही, आणि तरी महिना संपला की खात्यात काही उरत नाही, असं होत असेल तर गिऱ्हाईकं कमी आहेत म्हणून होत नाहीये, एवढं आधी मान्य करा. मी प्लंबिंग आणि घरातली छोटीमोठी रिपेअरिंग एकट्याने करतो, आणि पहिली दोन वर्षं मला वाटायचं की अजून कामं घेतली की बसेल सगळं. काही नाही बसलं, उलट माझी पाठ बसली. एकट्याच्या धंद्यात विकायला असतो तो फक्त आपला वेळ, आणि तो कुठे गळतोय तेच बघितलं नाही तर टाकीत कितीही पाणी सोडा, भरणार नाही (प्लंबरकडून दुसरी उपमा काय मिळणार).

सगळ्यात महागात पडणारी चूक रेट ठरवतानाच होते. वर्षाला किती पैसे हवेत त्याला आपण कामाच्या तासांनी भागतो, आणि तास धरतो दिवसाचे 8. आठवड्याला 6 दिवस, वर्षाचे 52 आठवडे, म्हणजे 312 दिवस आणि 2,496 तास. कागदावर एकदम झकास. आता खरं बघा, जाण्यायेण्यात दोन तास, सामान आणायला पाऊण तास, मग नुसतं बघून एस्टिमेट द्यायला जाणं, फोन, बिलं, बॅग लावणं, आणि ज्याचे पैसे मिळतात असे तास उरतात साडेचार, तेही दिवस चांगला असेल तर. आजारपण, सुट्ट्या आणि ऐनवेळी कॅन्सल झालेली कामं मिळून 52 दिवस गेले धरा, राहिले 260, त्याला साडेचारने गुणा, 1,170 तास. निम्म्याहून कमी! म्हणजे तुम्ही जो रेट काढलाय तो लागतो त्याच्या निम्मासुद्धा नाही, आणि तुम्ही मात्र स्वतःला आळशी समजून रविवारीही कामं घेताय. माझे आकडे तुम्हाला लागू होतील असं नाही, म्हणून दोन आठवडे फक्त लिहून काढा की घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत कुठला तास कशात गेला. कंटाळवाणं आहे पण करा.

याच्याच जोडीला डिस्काउंट. समजा 100 च्या कामात 60 खर्च आहे आणि 40 उरतात. कोणी म्हणालं थोडं कमी करा आणि तुम्ही 20 टक्के सोडले. गिऱ्हाईकाला वाटतं पाचवा भाग कमी झाला, पण तुमच्या हातात 40 चे 20 राहिले. तेवढेच पैसे मिळवायला आता डबल कामं करायची, आणि दिवस काही डबल होत नाही. कमी करायचंच असेल तर कामातलं काहीतरी कमी करा, जसं की जुना भंगार माल उचलून नेणार नाही, किंवा मला जमेल त्या दिवशी येईन. नुसता आकडा खाली आणायचा नाही.

मग ते प्रसिद्ध वाक्य, "दादा, जाता जाता एवढं बघून द्या ना." एक नळ बदलायला गेलेला माणूस गीझरचा व्हॉल्व्ह, दाराची कडी आणि फ्लशची टाकी करून दोन तासांनी बाहेर पडतो आणि पैसे घेतो एका नळाचे. नाही म्हणायला जीभ रेटत नाही हे मला माहितीये. मी आता निघायच्या आधीच फोनवर विचारतो की अजून काय काय आहे, सगळी यादी पाठवा, मग त्याप्रमाणे वेळ आणि भाव सांगतो. तिथे गेल्यावर नवीन काही निघालं तर "होईल की, एवढा एवढा चार्ज" हे हत्यार हातात घ्यायच्या आधी बोलायचं, नंतर बोललं की भांडण होतं. आणि मिनिमम व्हिजिट चार्ज ठेवाच. दहा मिनिटांच्या कामाला जाऊन यायला तास लागतो, तो कोण देणार?

आता रिपीट कंप्लेंट, यावर मी जास्त बोलणार, कारण माझा सगळ्यात जास्त पैसा यातच गेलाय. फुकटची दुसरी फेरी म्हणजे एका कामाच्या पैशात दोन कामं, वर ज्याला त्या वेळेला येतो म्हणालेलो तोही नाराज. यातल्या बऱ्याच फेऱ्या घाईमुळे होतात. फटीत सिलिकॉन (पाणी अडवणारी पेस्ट) भरलं आणि गिऱ्हाईकाने रात्री शॉवर सुरू केला, गेलं काम. साधारण 24 तास पाणी लागू द्यायचं नाही हे तोंडी सांगून उपयोग नाही, मी निघताना मेसेज करतो. टेफ्लॉन टेप, म्हणजे जॉइंट गळू नये म्हणून आट्यांवर लावतात ती पातळ पट्टी, आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली की फिटिंग आवळताना ती सुटत जाते, आणि हे माहीत असूनही संध्याकाळच्या पाचव्या कामाला हात चुकतो. जॉइंट झाला की त्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, डोळ्यांना न दिसणारा थेंब कागदावर लगेच दिसतो. तेवढ्यात बिल लिहून होतं.

आणि काहीही खोलायच्या आधी मेन व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोय का ते बघा, आधी आणि नंतर फोटो काढा. एकदा मी फोटो न काढता बेसिनखाली शिरलो आणि बाहेर आलो तेव्हा बेसिनला तडा होता, आधीपासूनचा. सिद्ध कसं करणार? भरून दिला. तेव्हापासून बॅग उघडायच्या आधी मोबाइल बाहेर निघतो. गॅरंटीचंही तसंच आहे, माझ्या मजुरीची एवढे दिवस, गिऱ्हाईकाने स्वतः आणलेल्या सामानाची अजिबात नाही, हे बिलावर लिहिलेलं पाहिजे.

पैशांचं थोडक्यात सांगतो. धंद्याचं आणि घरचं खातं वेगळं ठेवा, मटेरियलचा अॅडव्हान्स घेतल्याशिवाय खरेदी करू नका, आणि पैसे आले त्याच दिवशी टॅक्स आणि हत्यारांच्या बदलीचा हिस्सा बाजूला काढा. एकाच कॉन्ट्रॅक्टरच्या जिवावर तर बसूच नका. माझं एके काळी बहुतेक काम एकाच पार्टीकडून यायचं, छान वाटायचं, शोधाशोध नाही काही नाही. मग पेमेंट लांबायला लागलं आणि मला चढ्या आवाजात मागताही येईना, कारण दुसरं काम होतंच कुठे.

शरीराकडे तर आपण हत्याराइतकंही लक्ष देत नाही. ड्रिलला तेल-ब्रश सगळं, आणि स्वतः गुडघ्यावर फरशीवर. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार आरोग्य संस्थेची शिफारस आहे की 85 डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. हिशोब केला तर 100 डेसिबलला 15 मिनिटं होतात, आणि हॅमर ड्रिल किंवा ग्राइंडर सहज त्याच्या आसपास जातो. इअरप्लग खिशात पाहिजेत, गाडीत नाही. टाइल कोरडी कापू नका, त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते आणि तोंडावर बांधलेला रुमाल ती थांबवत नाही. क्लीनिंगचं काम करणाऱ्यांनी ब्लीच आणि अॅसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र वापरायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तुम्ही एकटेच असता.

शेवटचं, तुम्ही आजारी पडून आठ दिवस झोपलात तर काय? मी याच कामातल्या एकाशी ठरवून ठेवलंय, मी पडलो तर माझे अर्जंट कॉल तो घेतो, त्याच्या वेळी मी, आणि ज्याने काम केलं पैसे त्याचे. पहिल्यांदा भीती होती की हा माझी गिऱ्हाईकं पळवेल. दोघंजण गेले त्याच्याकडे कायमचे, खरं सांगतो. त्याच्याकडचे तिघं माझ्याकडे आले.