रानावनातले चित्रपट कसे निवडावेत आणि कसे पाहावेत

हिमप्रदेश, वाळवंट, घनदाट जंगल किंवा निर्जन बेट अशा वस्तीपासून दूरच्या जागी घडणाऱ्या चित्रपटांची यादी करायला बसले की ती बघता बघता लांबत जाते. साहसपट, युद्धपट, प्राण्यांवरचे माहितीपट आणि केवळ डोंगर सुंदर दिसले म्हणून लक्षात राहिलेले चित्रपट असे सगळेच तिच्यात गोळा होते, आणि मग आज रात्री नेमके काय पाहावे याचे उत्तर त्या यादीतून मिळत नाही. आपल्या आवडीच्या रानातल्या चित्रपटांची विचारपूर्वक निवड कशी करावी आणि ते कसे पाहावेत, हे इथे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे माझ्या आवडीची आहेत. आपली आवड वेगळी निघाली तरी पद्धत हीच वापरता येईल.

पहिली पायरी: कथेतून रान काढून पाहा

कोणताही चित्रपट यादीत घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हीच कथा एखाद्या शहरात नेली तर ती उभी राहील का? दोन टोळ्यांचे वैर जंगलातून उचलून बंदरावर नेले आणि त्यासाठी संवादही बदलावे लागत नसतील, तर त्या चित्रपटात जंगल हा केवळ पडदा आहे. असा चित्रपट चांगला असू शकतो, पण तो या यादीतला नाही. याउलट ‘१२७ अवर्स’ (२०१०) या चित्रपटातून अमेरिकेतल्या युटा राज्यातली ती अरुंद घळ आणि तरुणाचा हात अडकवून ठेवणारा तो दगड काढला, तर मागे काहीच उरत नाही.

काही चित्रपटांच्या बाबतीत उत्तर इतके सरळ मिळत नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) हा वरवर पाहता पहिल्या महायुद्धातल्या राजकारणाचा चित्रपट आहे आणि त्यातले अनेक निर्णय कैरोतल्या दालनांमध्ये होतात. तरीही त्याच्या पूर्वार्धाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. अकाबा बंदरातल्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या आहेत, कारण पाठीमागचे वाळवंट ओलांडून कोणी चालून येईल असे तिथल्या सैन्याला वाटतच नाही. वाळवंट ओलांडता येते की नाही, हाच तिथे युद्धाचा प्रश्न होतो. जिथे जागेमुळे घटनांची दिशा ठरते, तिथे चित्रपट यादीत घ्यायला हरकत नाही.

दुसरी पायरी: सुरुवात एका संथ चित्रपटाने करा

बहुतेक जण थरारक चित्रपटाने सुरुवात करतात. माझा सल्ला नेमका उलट आहे. थरारात आपले लक्ष माणूस वाचतो की नाही याकडे लागलेले असते आणि रानाकडे पाहायला सवडच मिळत नाही. म्हणून प्रारंभ अकिरा कुरोसावा यांच्या ‘डेर्सू उझाला’ (१९७५) या चित्रपटाने करावा. या जपानी दिग्दर्शकाने तो सोव्हिएत संघात, सायबेरियाच्या पूर्व टोकाला असलेल्या उसुरी नदीच्या प्रदेशात, ७० मिलिमीटर फिल्मवर चित्रित केला. त्याला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. कथा व्लादिमीर आर्सेन्येव्ह या रशियन भूमापकाच्या आठवणींवर आधारलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी नकाशे काढण्याच्या मोहिमेवर असताना त्याला डेर्सू हा नानाई जमातीचा वयस्क शिकारी भेटतो आणि तो त्या तुकडीचा वाटाड्या होतो.

या चित्रपटातला एक साधा प्रसंग नीट पाहावा. एका रिकाम्या झोपडीत रात्र काढल्यावर निघण्यापूर्वी डेर्सू तिचे छप्पर दुरुस्त करतो आणि आर्सेन्येव्हकडे (त्याला तो ‘कप्तान’ म्हणतो) थोडे तांदूळ, मीठ आणि काड्यापेटी मागतो. हे सामान त्याला स्वतःसाठी नको असते. पुढे कधीतरी कोणी वाटसरू तिथे येईल आणि हे सापडले नाही तर मरेल, एवढ्याचसाठी ते ठेवायचे असते. जिथे मैलोन्‌मैल माणूस भेटत नाही, तिथे न पाहिलेल्या माणसाची काळजी घेणे हा जगण्याचाच भाग होतो, हे त्या एका कृतीतून कळते आणि त्यावर कोणी भाषण करत नाही.

दुसरा प्रसंग गोठलेल्या खांका सरोवरावरचा आहे. वाऱ्याने पाऊलखुणा पुसून टाकल्या आहेत, दोघेही वाट चुकले आहेत आणि सूर्य मावळायला आला आहे. डेर्सू कप्तानाला एकच काम सांगतो: गवत काप, लवकर काप. यानंतर कितीतरी वेळ पडद्यावर दोन माणसे वाळलेले गवत कापताना दिसतात आणि कानावर वारा आदळत राहतो. कप्तान थकून कोसळतो, तेव्हा डेर्सू मोजणीच्या यंत्राच्या तिवईचा आधार करून त्यावर गवत रचतो आणि त्याला त्याखाली घेतो. ना हिंस्र श्वापद, ना शत्रू. मावळता प्रकाश आणि वाढती थंडी एवढ्यावर तो प्रसंग श्वास रोखून पाहायला लावतो. कुरोसावा कॅमेरा दूर ठेवतात, चेहऱ्याजवळ क्वचितच जातात, त्यामुळे माणसे त्या विस्तारात केवढीशी आहेत ते सतत दिसत राहते.

पहिल्या पायरीवरची परीक्षा हा चित्रपट स्वतःच देतो, हे मला विशेष वाटते. नजर अधू झाल्यावर डेर्सू कप्तानाबरोबर शहरात राहायला जातो. तिथे पाण्याला पैसे पडतात हे पाहून तो संतापतो, सरपणासाठी बागेतले झाड तोडतो म्हणून त्याला पकडतात, आणि रानात सगळ्यांचा आधार असलेला माणूस चार भिंतींत निरुपयोगी ठरतो.

तिसरी पायरी: भूभाग बदलत राहा

एकामागून एक पाच बर्फाळ चित्रपट पाहिले की डोळे मरगळतात. बर्फानंतर वाळवंट, वाळवंटानंतर नदी, मग बेट किंवा पर्वत असा क्रम लावावा. नदीसाठी वेर्नर हेर्झोग यांचा ‘अगिरे, द रॅथ ऑफ गॉड’ (१९७२) सुचवतो. सोन्याच्या नगरीच्या शोधात निघालेल्या स्पॅनिश तुकडीची ही कथा पेरूमध्ये चित्रित झाली. धुक्यातल्या तीव्र उतारावरून माणसांची लांबच लांब रांग खाली उतरते, हे त्याचे पहिले दृश्य मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाले तर सोडू नये. पर्वतासाठी ‘टचिंग द व्हॉइड’ (२००३) हा माहितीपट घ्यावा. १९८५ मध्ये पेरूतल्या सिउला ग्रांदे शिखरावर झालेल्या अपघाताची हकीकत त्यात दोन्ही गिर्यारोहक स्वतः सांगतात. दोघेही जिवंत परतले हे आधीच ठाऊक असूनही ताण कमी होत नाही, हे या चित्रपटाचे बळ आहे.

चौथी पायरी: पाहण्याची व्यवस्था नीट करा

हे चित्रपट मोबाइलच्या पडद्यावर पाहू नयेत. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये क्षितिजावर मृगजळात एक काळा ठिपका थरथरतो आणि हळूहळू उंटावरचा स्वार होऊन आपल्यापर्यंत येतो. हे दृश्य टिपण्यासाठी ४८२ मिलिमीटरचे खास भिंग वापरले गेले होते. तळहाताएवढ्या पडद्यावर तो ठिपका दिसतच नाही, आणि ठिपका दिसला नाही तर वाट पाहण्यातली भीतीही उरत नाही. शक्य तितका मोठा पडदा घ्यावा, खोलीतले दिवे मालवावेत आणि चित्रपट एका बैठकीत पाहावा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी तपासाव्यात. चित्र पडद्यावर भरून दिसावे म्हणून ते ताणणारा किंवा कडा कापणारा पर्याय बंद ठेवावा, कारण रुंद चौकटीत माणूस एका कोपऱ्यात आणि बाकी सगळे मोकळे, अशी रचना दिग्दर्शकाने मुद्दाम केलेली असते. तसेच हालचाल गुळगुळीत करणारे मोशन स्मूदिंगही बंद करावे. त्यामुळे चित्रपट बातमीपत्रासारखा दिसू लागतो. भाषांतरित आवाजापेक्षा मूळ ध्वनी आणि सबटायटल हा पर्याय केव्हाही चांगला. डबिंगमध्ये संवाद पुढे येतात आणि पावलांचा, पानांचा, पाण्याचा आवाज मागे ढकलला जाण्याची शक्यता असते.

आवाजाचे महत्त्व पटण्यासाठी ‘कास्ट अवे’ (२०००) जरूर पाहावा. विमान कोसळून नायक बेटावर पोहोचल्यापासून तो तराफ्यावरून बाहेर पडेपर्यंत त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. लाटा, वारा, पाऊस आणि त्याचा स्वतःचा श्वास एवढेच आपल्याला ऐकू येते. आता घाबरावे की आता हळवे व्हावे हे सांगणारे संगीत नसल्यामुळे आपणही त्याच्याइतकेच एकटे पडतो. अखेर संगीत सुरू होते तेव्हा बेट मागे पडत असते, आणि त्या क्षणी सुटकेच्या आनंदात दुःख कसे मिसळते ते प्रत्येकाने स्वतः ऐकावे.

पाचवी पायरी: खरे किती आणि रचलेले किती, हे पाहून झाल्यावर तपासा

ही तपासणी आधी करू नये, कारण त्यामुळे पाहण्याची गोडी जाते. नंतर मात्र अवश्य करावी. ‘द रेव्हनंट’ (२०१५) हा चित्रपट ह्यू ग्लास या शिकाऱ्यावर १८२३ मध्ये अस्वलाने केलेल्या हल्ल्यावर आधारलेला आहे. पडद्यावर आपल्याला कडाक्याचा हिवाळा दिसतो, पण खरा हल्ला ऑगस्टमध्ये झाला होता. चित्रपटातल्या सूडाचे कारण असलेल्या मुलाच्या हत्येलाही इतिहासात पुरावा नाही, आणि ज्यांनी त्याला मरायला सोडले त्यांचा जीव ग्लासने घेतला नाही. दुसऱ्या बाजूला, छायाचित्रकार इमॅन्युएल लुबेझ्की यांनी जवळजवळ सगळे चित्रण नैसर्गिक प्रकाशात केले, त्यामुळे दिवसातले मोजकेच तास हाती लागत. कॅनडात बर्फ वितळू लागल्यावर शेवटचा भाग अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला जाऊन पुरा करावा लागला. म्हणजे हकीकत बदललेली आणि थंडी मात्र अस्सल. मला यात फसवणूक वाटत नाही, पण हा चित्रपट इतिहास म्हणून कोणाला सांगू नये.

माहितीपटांच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण तिथे आपण विश्वास टाकलेला असतो. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) या आद्य माहितीपटाच्या नायकाचे खरे नाव अल्लाकारियाल्लाक होते. त्या काळी इनुइट (उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातले मूळ रहिवासी) शिकारी बंदुका वापरू लागले होते, तरी पडद्यावर भाल्याची शिकार दाखवली गेली. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळावा म्हणून एका बाजूने उघडे ठेवलेले घर बांधले गेले आणि कुटुंब त्यात कडाक्याच्या थंडीत झोपण्याचा अभिनय करत होते. एवढे असूनही मी हा चित्रपट यादीतून काढणार नाही, कारण त्या माणसाचे बर्फ कापणारे हात खरे आहेत. ‘व्हाइट वाइल्डरनेस’ (१९५८) मात्र मी काढून टाकला आहे. त्यात लेमिंग हे छोटे प्राणी कड्यावरून झुंडीने आत्महत्या करतात असे दाखवले होते. प्रत्यक्षात ते प्राणी बाहेरून आणून कॅनडातल्या अल्बर्टामध्ये चित्रण केले गेले आणि त्यांना कड्यावरून ढकलण्यात आले, हे १९८२ मध्ये कॅनडातल्या दूरचित्रवाणीच्या एका शोधकार्यक्रमाने उघड केले. ज्यांच्या आयुष्याविषयी चित्रपट बोलतो त्यांनाच तो मारत असेल, तर त्याला आवडीच्या यादीत जागा देता येत नाही.

सहावी पायरी: रानाची भुरळ घालणारा चित्रपट एकटा पाहू नका

इथे चित्रपटांची जोडी लावावी असे म्हणायचे आहे. ‘इनटू द वाइल्ड’ (२००७) हा अलास्कात एकटा राहायला गेलेल्या आणि १९९२ मध्ये तिथेच मरण पावलेल्या क्रिस्तोफर मॅककँडलेस या तरुणाचा चित्रपट आहे. तो अतिशय देखणा आहे आणि तरुण मनाला ओढ लावतो. ती ओढ इतकी खरी ठरली की तो राहिला होता त्या जुन्या बसपर्यंत जाताना लोक अडकू लागले आणि वाटेतली नदी ओलांडताना काहींचे प्राणही गेले. अखेर जून २०२० मध्ये ती बस हेलिकॉप्टरने उचलून हलवावी लागली. या चित्रपटाबरोबर हेर्झोग यांचा ‘ग्रिझली मॅन’ (२००५) पाहावा. अलास्कात अनेक उन्हाळे अस्वलांच्या सहवासात काढणारा टिमथी ट्रेडवेल २००३ मध्ये अस्वलाच्याच हल्ल्यात मारला गेला. त्याने स्वतः केलेले चित्रण या माहितीपटात आहे आणि त्यावर दिग्दर्शकाचे प्रांजळ मतभेदही आहेत. ट्रेडवेलला अस्वलाच्या डोळ्यांत मैत्री दिसते; हेर्झोग यांना तिथे निसर्गाची उदासीनता दिसते. शेवटच्या हल्ल्याचा आवाज ध्वनिमुद्रित झालेला असूनही ते तो प्रेक्षकांना ऐकवत नाहीत, आणि हा निर्णय मला त्या चित्रपटातला सर्वांत मोठा वाटतो.

सातवी पायरी: एका ओळीची नोंद ठेवा

तारे देण्याऐवजी प्रत्येक चित्रपटापुढे एकच ओळ लिहावी: या जागेने माणसाला काय करायला लावले? ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात हरवलेल्या बहीणभावाच्या ‘वॉकअबाउट’ (१९७१) या चित्रपटापुढे मी लिहिले आहे की पाणी मागताना मुलीचे शब्द त्या आदिवासी मुलाला कळत नाहीत, लहान भावाने केलेली खूण कळते, आणि मग तो कोरड्या पाणवठ्याच्या वाळूत पोकळ काडी खुपसून पाणी ओढायला शिकवतो. अशी ओळ सुचत नसेल तर चित्रपट काही महिन्यांनी पुन्हा पाहावा. तेव्हाही ती सुचली नाही, तर ते नाव यादीतून खोडून नव्या चित्रपटाला जागा करून द्यावी.